दऱ्या आणि दर्या: पेजमेकरमधल्या एका जुन्या पुस्तकाचं प्रकरण

पुस्तक, प्रकाशक, लेखक आणि ज्या फॉन्टसंचाबद्दल पुढे बरंच लिहिलं आहे तो संच, या सगळ्यांची नावं गाळली आहेत. ओळख पटेल असे तपशील थोडे बदललेत. तांत्रिक भाग मात्र जसा घडला तसाच आहे. जुन्या मराठी फाइली सांभाळणाऱ्या, किंवा सांभाळायच्या राहून गेलेल्या, कोणालाही तो उपयोगी पडावा म्हणून लिहितो आहे.

पार्श्वभूमी

पुण्यातला एक छोटा प्रकाशक. वडिलांनी सुरू केलेला व्यवसाय आता मुलगा सांभाळतो. त्यांच्या यादीत सह्याद्रीच्या घाटवाटांवरचं एक पुस्तक आहे. नाणेघाटापासून खाली दक्षिणेकडे जाणाऱ्या वाटा, कोणत्या गावातून निघायचं, पाणी कुठे मिळतं, कोरलेल्या पायऱ्या कुठे लागतात, असं सगळं त्यात आहे. लेखकाने ते पायी फिरून लिहिलं. पहिली आवृत्ती १९९९ची, दुसरी २००७ची. दुसऱ्या आवृत्तीत शेवटची तीन प्रकरणं नव्याने घातली होती. एकूण सतरा प्रकरणं, चारशेच्या वर पानं.

२०२३च्या फेब्रुवारीत प्रकाशकाचा फोन आला. "सर, पुस्तक बारा वर्षं बाजारात नाही. लोक झेरॉक्स काढून वापरतात. लेखक काका आता ७८ वर्षांचे आहेत, त्यांच्या हातात तिसरी आवृत्ती द्यायची आहे. फाइल आहे आपल्याकडे, फक्त उघडत नाही."

तो अगदी सहज म्हणाला. आमचे पुढचे काही महिने त्या 'फक्त'मध्ये गेले.

फाइल होती पेजमेकर ६.५ची. त्या काळात मराठी पुस्तकांच्या डीटीपीत, म्हणजे संगणकावर पानं लावण्याच्या कामात, पेजमेकर म्हणजे रोजच्या वापरातलं भांडं. ऑल्डस कंपनीने ते १९८५ साली आणलं, १९९४ साली ॲडोबीने ऑल्डस विकत घेतली, ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ साली आली आणि २००४ पासून ॲडोबीने पुढचं काम थांबवलं. त्याची जागा घेतली ॲडोबीच्याच इनडिझाइनने. इनडिझाइन पेजमेकरच्या फाइली उघडत असे, पण फक्त सीएस६ या २०१२च्या आवृत्तीपर्यंत. पुढच्या सीसी मालिकेत ही सोय काढली गेली. प्रकाशकाकडे सीसीचीच एक आवृत्ती होती. तिने फाइलला ओळखसुद्धा दाखवली नाही.

नेमकी अडचण काय होती

पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटलं की अडचण एकच आहे: जुनी फाइल, नवा प्रोग्रॅम. पण मराठीत १९९०च्या दशकातली फाइल एकटी नसते. तिच्यासोबत फॉन्ट असतो, आणि तो फॉन्ट म्हणजेच तिची लिपी असते.

ज्यांनी त्या काळात काम केलेलं नाही त्यांच्यासाठी हे थोडं उलगडून सांगतो. युनिकोड या आजच्या अक्षरक्रमांकांच्या पद्धतीत 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, आणि फॉन्ट बदलला तरी तो 'क'च राहतो. तेव्हाच्या फॉन्टांत तसं नव्हतं. एका फॉन्टमध्ये जेमतेम दोन-सव्वादोनशे घरं असत. त्या घरांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत: अर्धा क, पूर्ण क, काना, तीन-चार रुंदींच्या वेलांट्या, रफार, जोडाक्षरं. कोणत्या घरात काय ठेवायचं हे प्रत्येक फॉन्टसंच आपापलं ठरवत असे. सी-डॅक या सरकारी संस्थेने आणि इतरांनी त्याला शिस्त लावण्याचे प्रयत्न केले, आयएससीआयआय हे भारतीय लिप्यांच्या अक्षरक्रमांकांचं मानक १९९१ साली आलं, पण बाजारातले फॉन्टसंच आपल्याच वाटेने गेले. फाइलमध्ये साठत असे तो फक्त घराचा क्रमांक आणि फॉन्टचं नाव. फॉन्ट नसेल तर 'शिवनेरी'च्या जागी रोमन अक्षरं, उद्गारचिन्हं आणि कंस यांचा गोंधळ दिसतो.

म्हणजे आमच्यासमोर दोन आवृत्त्यांचा प्रश्न होता, एक प्रोग्रॅमची आणि दुसरी फॉन्टची. फॉन्टच्या आवृत्तीचा हा प्रश्न आम्हाला फार उशिरा कळला, आणि या प्रकरणाचा गाभा तोच आहे.

हातात काय होतं? सीडीच्या दोन प्रती. एक वाचलीच जात नव्हती. दुसरीवर सतरा प्रकरणांच्या सतरा फाइली, फोटोंच्या टिफ फाइली आणि कोरलड्रॉ ९मध्ये काढलेले नकाशे. फॉन्टचं फोल्डर नव्हतं. प्रकाशकाच्या माळ्यावर विंडोज एक्सपीचा एक संगणक होता, त्यावर तो फॉन्टसंच बसवलेला होता, आणि नशिबाने तो संगणक सुरू झाला. फॉन्टसंचाचं डोंगल, म्हणजे तो चालवण्यासाठी संगणकाला जोडायची किल्ली, मात्र हरवलं होतं. त्यामुळे अक्षरं दिसत होती, पण नवं काही टाइप करता येत नव्हतं.

समोरचे पर्याय

बैठक झाली तेव्हा प्रकाशक, मी आणि लेखकाची मुलगी असे तिघेच होतो. ज्यांनी १९९९ साली ही पानं लावली होती त्या ताई त्या बैठकीत नव्हत्या. त्या निवृत्त होऊन सिंहगड रस्त्यावर राहायला गेल्या होत्या. त्यांना बोलवावं असं कोणाला सुचलं नाही. हे आत्ताच लिहून ठेवतो, कारण पुढे ते फार महागात पडलं.

पहिला पर्याय होता दुसऱ्या आवृत्तीची छापील प्रत स्कॅन करून पानांची चित्रं तशीच छापायची. स्वस्त आणि लवकर. पण काकांना अनेक ठिकाणी बदल करायचे होते. काही वाटांवर धरणाचं पाणी आलंय, काही पायवाटांचे रस्ते झालेत. चित्रात दुरुस्ती करता येत नाही. शिवाय ई-पुस्तक आणि शोधण्याची सोय यांचा विषयच मिटला असता.

दुसरा, सगळं नव्याने टाइप करून घ्यायचं. आमच्या व्यवसायात याला कमी लेखतात, पण हा प्रामाणिक पर्याय आहे. त्यातल्या चुका माणसाच्या असतात आणि मुद्रितशोधकाला त्या ओळखीच्या असतात. अडचण गावांच्या आणि वाड्यांच्या नावांची होती. चारशे पानांत हजारो स्थळनामं. टाइप करणाऱ्याला ती वाडी माहीत नसेल तर तो जवळचं ओळखीचं नाव बसवतो. वाटा सांगणाऱ्या पुस्तकात ही चूक माणसाला भलत्याच सोंडेवर नेऊन सोडेल.

तिसरा, ओसीआर, म्हणजे स्कॅन केलेल्या पानावरचा मजकूर संगणकाकडून वाचून घेणं. टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रॅमला मराठी येते आणि स्वच्छ छपाईवर निकाल बरा लागतो. पण इथेही स्थळनामांचाच धोका होता.

चौथा, मूळ फाइलच पुढे आणायची: पेजमेकरमधून इनडिझाइन सीएस६, तिथून आजची आवृत्ती, आणि मजकूर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये. यात मूळ अक्षर न अक्षर राहील अशी आशा होती.

आम्ही चौथा निवडला. निवड मला आजही योग्य वाटते. चुकलं ते त्या आशेवर टाकलेल्या विश्वासाच्या प्रमाणात. "मूळ फाइलीतून आलंय म्हणजे बरोबरच असणार" हे वाक्य त्या बैठकीत मीच म्हणालो होतो, आणि त्यावरच वेळापत्रक सहा आठवड्यांचं ठरलं.

पहिला टप्पा: पानं आली, 'श्र' गेला

एका स्नेह्याच्या छापखान्यात सीएस६ परवान्यासह चालू होतं. एक्सपीवरचे फॉन्ट तिथे नेले आणि पहिलं प्रकरण उघडलं. पान समोर आलं, मराठी दिसली, शीर्षकं जागेवर होती. सगळ्यांना हायसं वाटलं.

नकाशे मात्र नव्हते. पुस्तकातले काही नकाशे कोरलमधून कॉपी करून थेट पेजमेकरच्या पानावर चिकटवले होते. असे चिकटवलेले तुकडे इनडिझाइनमध्ये येत नाहीत, तिथे मोकळी जागा राहते. मूळ कोरल फाइली सीडीवर होत्या म्हणून निभावलं. त्या नव्या कोरलमध्ये उघडून प्रत्येक नकाशा नव्याने जोडला. कंटाळवाणं काम, पण सरळ.

मग तिसऱ्या पानावर 'ीमंत पेशवे' दिसलं. वेलांटी लोंबकळत होती आणि तिच्या मागचा 'श्र' नव्हताच. पुढे 'ावण', 'आम', 'हरिश्चंद्रगड' ठीक, पण 'ीवर्धन'. चौदा प्रकरणांत 'श्र' कुठेच नाही. पंधरा, सोळा, सतरा या प्रकरणांत मात्र व्यवस्थित.

आधी सीएस६ला दोष दिला. मग एक्सपीवर जाऊन पेजमेकरमध्येच तेच पान उघडलं. तिथेही 'श्र' नाही! १९९९च्या छापील पुस्तकात तो स्वच्छ छापलेला आहे. म्हणजे ज्या संगणकाला आम्ही मूळ समजत होतो तोही मूळ नव्हता.

उलगडा व्हायला चार दिवस लागले. फॉन्टसंचाची १९९९ची आवृत्ती आणि २००७च्या आधी कधीतरी घेतलेली आवृत्ती यांत काही घरं बदलली होती. जुन्या आवृत्तीत 'श्र' १७३ क्रमांकाच्या घरात होता. विंडोजच्या पाश्चात्त्य अक्षरसंचात १७३ हे घर 'गुप्त संयोगचिन्हा'चं आहे, म्हणजे शब्द ओळीच्या शेवटी तुटला तरच दिसणाऱ्या आडव्या रेघेचं. बरेच प्रोग्रॅम त्या घरातलं काहीही एरवी दाखवतच नाहीत. फॉन्ट बनवणाऱ्यांच्या हे लक्षात आलं असावं, म्हणून पुढच्या आवृत्तीत त्यांनी 'श्र' दुसऱ्या घरात हलवला. त्यांच्या बाजूने ही सुधारणाच होती. पण फॉन्टचं नाव तेच ठेवलं. नवा संच बसवला की जुना पुसला जाई, आणि पेजमेकरच्या फाइलीत फॉन्टचं नाव होतं, आवृत्ती कुठेच नव्हती. २००७ साली दुसरी आवृत्ती काढताना जुनी चौदा प्रकरणं पहिल्या आवृत्तीच्या फिल्मवरूनच छापली गेली होती, म्हणून तेव्हा हे कोणाला दिसलं नाही.

याच शोधात आणखी एक खड्डा सापडला. त्याच पाश्चात्त्य अक्षरसंचात पाच घरं रिकामी ठेवलेली आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. पेजमेकर मजकूर साठवतो तो नुसत्या घरांच्या क्रमांकांनी, इनडिझाइन साठवतं युनिकोडने. एकातून दुसऱ्यात जाताना प्रत्येक क्रमांकाचा युनिकोड होतो, आणि या पाच घरांना युनिकोडमध्ये धड जोडीदार नाही. आमच्या फॉन्टने त्यांतलं एक घर वापरलं होतं, एका कमी येणाऱ्या जोडाक्षरासाठी. ती अक्षरं सीएस६मध्ये येईपर्यंत हरवलेली होती.

इथे पहिला मोठा निर्णय घ्यावा लागला. मजकूर इनडिझाइनमार्गे आणायचा हट्ट सोडला. पानांची रचना, चौकटी, फोटोंच्या जागा सीएस६मधून घेतल्या. मजकूर मात्र एक्सपीवरच्या पेजमेकरमधून साध्या टेक्स्ट फाइलींत काढला, कारण तिथे घरांचे क्रमांक जसेच्या तसे राहतात. १७३ म्हणजे १७३. किंमत अशी की मजकुरात हाताने केलेलं ठळक आणि तिरकं सगळं गेलं, ते छापील प्रत बघून पुन्हा करावं लागलं. चारशे पानांचं ठळक-तिरकं परवडतं. हरवलेलं अक्षर परवडत नाही.

अक्षरांच्या रूपांतराचे, म्हणजे कोणत्या घराचं युनिकोडमधलं कोणतं अक्षर हे सांगणारे, दोन तक्ते केले. एक चौदा प्रकरणांसाठी, एक तीन प्रकरणांसाठी.

दुसरा टप्पा: ओरडणाऱ्या चुका आणि गप्प चुका

'ीमंत' ही ओरडणारी चूक. नजर पडली की कळतं. आमचा खरा घात केला तो गप्प चुकीने.

रूपांतराचा तक्ता शून्यातून करायला नको म्हणून मी एका तयार तक्त्यावरून सुरुवात केली होती. तो हिंदी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून केलेला होता. त्यात 'ऱ्य'मधल्या त्या आडव्या, चंद्रकोरीसारख्या अर्ध्या र साठी लिहिलं होतं: र आणि हलंत. हिंदीला ती खूण लागत नाही, म्हणून कोणाला खटकलं नसेल. पण युनिकोडमध्ये साधा र, हलंत आणि य एकत्र आले की डोक्यावर रफार चढतो आणि 'र्य' होतं. 'ऱ्य' हवा असेल तर खालचा टिंब असलेला ऱ वापरावा लागतो.

अकरा प्रकरणं रूपांतरित झाली होती. मुद्रितशोधन होऊन दुरुस्त्याही त्यांत गेल्या होत्या. मग काकांकडे पहिली तीन प्रकरणं वाचायला पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन. त्यांनी एक वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं, आणि म्हणाले, "अहो, दर्या म्हणजे समुद्र. मी दऱ्या लिहिलं होतं. हे पान माझं नाही."

मी पान उघडून बघितलं. 'खोल दर्या', 'कातळात कोरलेल्या पायर्या', 'वार्याच्या दिशेने', 'कर्हाडहून येणारी गाडी'. प्रत्येक पानावर. आमच्या मुद्रितशोधक बाईंनी 'पायर्या' काही ठिकाणी दुरुस्त केलं होतं, पण त्यांना ते सुटे टंकदोष वाटले. मूळ कारण त्यांना कोण सांगणार? 'दर्या' तर सगळीकडे सुटला होता, कारण तो शब्द मराठीत आहेच. शुद्धलेखन तपासणारा कोणताही प्रोग्रॅम त्याला हात लावणार नाही.

काकांचं ते वाक्य मला लागलं, आणि ते बरोबर होतं. 'ऱ्य' आणि 'र्य' हा मराठीत अर्थाचा फरक आहे. आचाऱ्यांना दिलेला शिधा आणि आचार्यांना दिलेला शिधा एक नाही. घाटवाटांच्या पुस्तकात दऱ्या, पायऱ्या, वारे, किनारे, शेतकरी, गावकरी, पुजारी यांच्यावाचून पान हलत नाही, आणि यांतल्या प्रत्येक शब्दाच्या सामान्यरूपात तो 'ऱ्य' बसलेला आहे.

आता करायचं काय? 'र्य' शोधून सगळीकडे 'ऱ्य' करता येत नव्हतं. सूर्य, कार्य, धैर्य, मौर्य हेही पुस्तकात होतेच. तक्ता सुधारून अकराही प्रकरणं पुन्हा रूपांतरित केली असती तर बाईंनी महिनाभर केलेल्या दुरुस्त्या पाण्यात गेल्या असत्या.

अर्धा दिवस यावर खल झाला. शेवटी असं ठरलं: सुधारलेल्या तक्त्याने प्रकरणं पुन्हा रूपांतरित करायची, पण ती पुस्तकात वापरायची नाहीत. त्यांतून फक्त 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' असलेल्या शब्दांची यादी काढायची. प्रत्येक शब्दाचा रफारवाला जोडीदार मराठीत खरोखर आहे का, हे बाईंनी आणि मी मिळून तपासलं. 'पायर्या', 'वार्या', 'कर्हाड', 'शेतकर्या' असे शब्द मराठीत नाहीत, ते दुरुस्त केलेल्या प्रतीत सरसकट बदलून टाकले. दोन्हीकडे जगणारे शब्द मोजकेच निघाले, त्यांत 'दऱ्या' सर्वांत जास्त वेळा येणारा. ती सगळी ठिकाणं छापील पुस्तक शेजारी उघडून हाताने बघितली. तीन दिवस लागले आणि दुरुस्त्या वाचल्या.

याच वेळी ओसीआरला दुसरं काम मिळालं. छापील प्रत स्कॅन करून ओसीआर मजकूर काढला आणि आमच्या रूपांतरित मजकुराशी ओळीने ताडून पाहिला. दोन्हीकडे चुका होत्या, पण वेगवेगळ्या जातीच्या. ओसीआर एखादा अनुस्वार खाई, आमचा तक्ता एखादं जोडाक्षर. जिथे दोघांचं पटत नव्हतं तिथेच माणसाने बघायचं. स्रोत म्हणून नाकारलेला पर्याय साक्षीदार म्हणून उत्तम निघाला. हे पहिल्याच आठवड्यात केलं असतं तर 'दऱ्या' काकांपर्यंत पोचण्याआधी सापडल्या असत्या.

तिसरा टप्पा: नवीच आवृत्ती आडवी आली

जुन्याशी झगडताना नव्याकडे दुर्लक्ष झालं. पानांची अंतिम मांडणी कोल्हापूरच्या एका तरुण कलाकाराकडे होती. त्याच्याकडे इनडिझाइनची सर्वांत ताजी आवृत्ती, प्रकाशकाकडे तीन वर्षांपूर्वीची. त्याने पाच प्रकरणं लावून पाठवली आणि प्रकाशकाच्या संगणकाने उघडायला नकार दिला. नवा प्रोग्रॅम जुनी फाइल उघडतो, जुना प्रोग्रॅम नवी फाइल उघडत नाही. नियम माहीत असूनही आम्ही आधी बोललो नव्हतो.

त्याने आयडीएमएल काढून पाठवलं. सीएस४पासून इनडिझाइनमध्ये आलेलं हे देवाणघेवाणीचं रूप आहे, आणि एका झिप पिशवीत बांधलेल्या वाचता येणाऱ्या मजकूर फाइलींचंच ते बनलेलं असतं. त्यामुळे ते आवृत्त्यांच्या भिंतीपलीकडे जातं. फाइल उघडली, पण काही परिच्छेदांच्या ओळी सरकल्या आणि एका प्रकरणाचं एक पान वाढलं. पुस्तकाच्या शेवटी हाताने केलेली स्थळसूची होती, म्हणून पान वाढणं ही साधी गोष्ट नव्हती.

त्यातच परिशिष्टातला रोमन मजकूर त्याच्या बाजूला भलत्याच फॉन्टमध्ये दिसू लागला. तो मजकूर टाइप १ जातीच्या जुन्या फॉन्टमध्ये होता, आणि जानेवारी २०२३पासून ॲडोबीने आपल्या प्रोग्रॅममध्ये टाइप १ फॉन्टांचा आधार बंद केला आहे. प्रकाशकाच्या आवृत्तीत दिसणारा फॉन्ट त्याच्या आवृत्तीत नाहीसा झालेला. फॉन्ट बदलून ओपनटाइप घेतला, तो प्रश्न तासाभरात मिटला.

त्यानंतर एकच ठरवलं. पुस्तक छपाईला जाईपर्यंत दोघांनीही एकाच आवृत्तीवर राहायचं, आपोआप अपडेट बंद. त्या मुलाला जुनी आवृत्ती शेजारी बसवावी लागली. थोडा नाराज झाला, पण केलं. सूची मात्र शेवटच्या दिवसापर्यंत हातात घ्यायची नाही, असंही ठरलं.

निष्पत्ती

सहा आठवडे ठरलेलं काम चौदा आठवड्यांत झालं. तिसरी आवृत्ती निघाली. मजकूर पानांवर नव्याने बसवल्यामुळे जुन्या आवृत्तीशी पानाला पान जुळवण्याचा नाद सोडला. पण इतर पुस्तकांत या पुस्तकाचे पानवार संदर्भ दिलेले आहेत, म्हणून समासात बारीक आकड्यांत दुसऱ्या आवृत्तीचे पानक्रमांक घातले. ही कल्पना लेखकाच्या मुलीची. त्याला एक दिवस लागला, आणि माझ्या मते या आवृत्तीतलं ते सर्वांत चांगलं काम आहे.

छापून आल्यावर आणखी चुका सापडल्या का? सापडल्या. दोन नकाशांतली नावं जुन्या तक्त्यातून गेली होती आणि तिथे 'ऱ्ह'च्या जागी 'र्ह' राहून गेला. नकाशांचा मजकूर ओसीआरशी ताडायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

पुन्हा करायचं झालं तर

सर्वांत आधी मी त्या ताईंना फोन करेन. काम संपल्यावर प्रकाशकाने त्यांना भेट म्हणून पुस्तक नेऊन दिलं. बोलता बोलता 'श्र'ची गोष्ट निघाली. त्या आत गेल्या आणि एक लांब वही घेऊन आल्या. १९९६पासूनच्या प्रत्येक कामाची नोंद: पुस्तक, फाइलींची संख्या, पेजमेकरची आवृत्ती, फॉन्टसंचाची आवृत्ती, सीडी क्रमांक. आमच्या पुस्तकापुढे २००५च्या एका तारखेला निळ्या शाईत लिहिलं होतं, "नवा संच बसवला. श्र हलला. जुन्या फाइली उघडू नयेत." आम्ही चार दिवस जे शोधत होतो ते एका ओळीत होतं. शेवटच्या पानाला पाकिटात जुन्या संचाची फ्लॉपीही होती.

दुसरं, तक्ता तयार घेतला तरी तो पुस्तकाला लावण्याआधी एका परीक्षेच्या परिच्छेदावर लावेन. मी आता असा एक परिच्छेद ठेवला आहे. त्यात दऱ्या-दर्या, आचाऱ्या-आचार्या, कऱ्हाड, तऱ्हा, श्रावण, कीर्ती, हृदय, ज्ञान, क्षत्रिय, टॉवेल, बॅट असे मुद्दाम अडचणीचे शब्द भरलेत. जुन्या फॉन्टमध्ये तो टाइप करायचा, रूपांतर करायचं आणि मुळाशी अक्षर न अक्षर ताडायचं. दहा मिनिटांचं काम.

तिसरं, मुद्रितशोधकाला रूपांतराची माहिती द्यायची. बाईंना पहिल्या दिवशी सांगितलं असतं की मजकूर तक्त्यातून आलाय आणि एकच चूक सगळीकडे असू शकते, तर पहिल्या 'पायर्या'लाच त्यांनी काम थांबवलं असतं. त्यांनी नंतर मला हे स्वतः सांगितलं.

जतनाबद्दलही निर्णय झाला. आता प्रत्येक पुस्तकाच्या फोल्डरमध्ये इनडिझाइनची फाइल, तिचं आयडीएमएल, फॉन्ट गुंतवलेली पीडीएफ आणि साधा युनिकोड मजकूर अशा चारही गोष्टी ठेवतात. फॉन्टची फाइल परवाना बघून सोबत ठेवतात. नुसती पीडीएफ पुरेल असं प्रकाशकाला वाटत होतं. जुन्या फॉन्टमधल्या एका पीडीएफमधून मजकूर कॉपी करून त्याला दाखवला, तेव्हा रोमन अक्षरांचा तोच गोंधळ समोर आला आणि पटलं. पीडीएफ पान जपते, त्या फॉन्टमधली मराठी जपत नाही.

त्या प्रकाशकाची आणखी एकतीस पुस्तकं पेजमेकरमध्ये आहेत. एक्सपीच्या डिस्कची संपूर्ण प्रत काढून ती आभासी यंत्रात, म्हणजे नव्या संगणकाच्या आत चालणाऱ्या नकली संगणकात, चालवली आहे, फ्लॉपीवरचा जुना संच तिथे वेगळा बसवला आहे. ताई दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. वहीतल्या नोंदी त्या वाचून दाखवतात आणि मी तक्त्यात भरतो. गेल्या आठवड्यात १९९७च्या एका कवितासंग्रहापाशी आलो. त्याच्यापुढे त्यांनी फॉन्टची आवृत्ती लिहिलेली नाही, नुसतं प्रश्नचिन्ह आहे. छापील प्रत मागवली आहे, ती आल्यावर 'श्र' कुठल्या घरात आहे ते बघू.